रोजकीर्द की शिल्लक? संस्थात्मक खरेदी-विक्री टिपणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

अमेरिकी शेअर बाजारांत नोंदलेल्या एखाद्या कंपनीचे समभाग कोणत्या मोठ्या फंडांनी घेतले आणि कोणी विकले, हे सांगणाऱ्या वर्गणीच्या सेवा आज पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक मी सलग चार तिमाह्या वापरली. वर्गणीचे नूतनीकरण करावे की नाही, हे ठरवण्यासाठी मी काही टिपणे काढली होती आणि त्यांतूनच हे परीक्षण तयार झाले. सेवेचे नाव देत नाही, कारण ज्या दोषांविषयी लिहायचे आहे ते तिच्या एकटीचे नाहीत, या धंद्यातच ते मुरलेले आहेत.

सेवेची मांडणी पहिल्या भेटीतच पसंत पडावी अशी आहे. कंपनीचे चिन्ह टाकले की धारक संस्थांची यादी उघडते. प्रत्येक नावासमोर समभागांची संख्या, मागच्या तिमाहीपेक्षा झालेला फरक आणि हिरवा किंवा लाल बाण दिसतो. यादीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत एक वाक्य असते: या तिमाहीत इतक्या संस्थांनी खरेदी केली, इतक्यांनी विक्री केली. वर्गणी भरणारा बहुतेक वेळा हेच वाक्य वाचून पुढे जातो, आणि माझी मुख्य तक्रार याच वाक्याबद्दल आहे.

कारण हे वाक्य ज्या कागदांवरून तयार होते, त्यांत खरेदी किंवा विक्री हे शब्द नसतातच. सेवेचा जवळजवळ सगळा माल १३-एफ या विवरणपत्रांतून येतो. १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज कायद्यात १९७५ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. जो संस्थात्मक व्यवस्थापक ठरावीक यादीतल्या रोख्यांमध्ये दहा कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम हाताळतो, त्याने प्रत्येक तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत आपल्याकडील धारणेचा तक्ता सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनकडे, म्हणजे एसईसीकडे, दाखल करायचा असतो. दहा कोटींची ही मर्यादा इतक्या वर्षांत बदललेली नाही. २०२० मध्ये एसईसीने ती ३५० कोटी डॉलरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव मांडला होता. पण त्यामुळे विवरणपत्र भरणाऱ्यांपैकी बहुसंख्य व्यवस्थापक दृष्टीआड झाले असते, म्हणून त्याला जोरदार विरोध झाला आणि प्रस्ताव बारगळला. लहान-मध्यम फंडांची नावे या सेवेवर आजही दिसतात ती त्यामुळेच.

या तक्त्याची एक ओळ एकदा तरी मुळातून वाचावी, असे मी सेवेच्या प्रत्येक वापरकर्त्याला सुचवीन. कंपनीचे नाव, समभागाचा वर्ग, कुसिप नावाचा नऊ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक, एकूण मूल्य, समभागांची संख्या, पुट किंवा कॉल ऑप्शन (ठरलेल्या भावाने विकण्याचा किंवा घेण्याचा हक्क) असल्यास तसा उल्लेख, गुंतवणुकीचा निर्णय कोणाच्या हाती आहे ते, आणि शेवटी मतदानाच्या अधिकाराचे तीन रकाने: एकट्याचा, वाटून घेतलेला, अजिबात नाही. एवढेच. समभाग कोणत्या तारखेला घेतले, कोणत्या भावाने घेतले, मधल्या काळात किती वेळा आत-बाहेर केले, यांपैकी काहीही तेथे नसते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ही रोजकीर्द नव्हे, तिमाहीच्या शेवटच्या दिवशीची शिल्लक आहे. सेवा दोन शिलकींची वजाबाकी करते आणि आलेल्या उत्तराला व्यवहार म्हणते. ही वजाबाकी चूक आहे असे नाही, पण तिला दिलेले नाव मात्र चूक आहे. मतदानाच्या तीन रकान्यांवरून समभागांचा खरा धनी कोण आणि कारभारी कोण याचा थोडाफार अंदाज बांधता येतो, आणि नेमके तेच या सेवेने आपल्या पानावर घेतलेले नाहीत.

शिलकीला व्यवहार म्हटल्याचा पहिला परिणाम काळाच्या हिशेबावर होतो. १५ मेच्या सकाळी माझ्या फोनवर सूचना आली की मी ज्या कंपनीवर लक्ष ठेवून होतो तिचे समभाग एका मोठ्या हेज फंडाने घेतले आहेत. सूचनेवर वेळ त्याच सकाळची होती. मूळ विवरणपत्र उघडले तर अर्थातच ती ३१ मार्चची शिल्लक होती. खरेदी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली असू शकत होती किंवा मार्चच्या शेवटच्या दिवसाची. आणि एप्रिल महिन्यात तो फंड सगळे विकून मोकळाही झाला असू शकत होता. तिमाहीच्या पहिल्या दिवशी केलेली खरेदी ४५ दिवसांच्या मुदतीच्या अखेरीस उघड होते तेव्हा ती साडेचार महिने शिळी झालेली असते. जानेवारीत घेऊन मार्चच्या मध्यात विकलेले समभाग तर या कागदांवर कधीच उमटत नाहीत. बहुतेक मोठे व्यवस्थापक मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या मध्याला, विवरणपत्र भरतात. त्या दोन-तीन दिवसांत सेवेच्या सूचनांचा असा पाऊस पडतो की मी तिसऱ्या तिमाहीपासून त्या बंदच करून टाकल्या.

१३-एफमध्ये काय येत नाही, याची माहिती सेवेच्या मदत-पानावर आहे. मात्र ती ज्या तक्त्याला लागू पडते त्याच्या शेजारी हवी होती. मंदीच्या अपेक्षेने उसने घेऊन विकलेले समभाग, म्हणजे शॉर्ट पोझिशन, या विवरणपत्रात दाखवायच्या नसतात. रोख रक्कम नसते, साधे कर्जरोखे नसतात, परदेशी बाजारांत घेतलेले समभाग नसतात. एखाद्या फंडाने एका कंपनीचे समभाग घेऊन तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीत तेवढीच शॉर्ट पोझिशन घेतली असेल, तर सेवेच्या पानावर केवळ पहिला निम्मा भाग हिरव्या बाणासह दिसतो आणि वाचणाऱ्याला तो विश्वासाचा कौल वाटतो.

ऑप्शनच्या बाबतीत तर हे प्रकरण हास्यास्पद होते. विवरणपत्रात ऑप्शनचे मूल्य लिहायचे असते ते त्याखालच्या समभागांच्या किमतीने. त्या हक्कासाठी प्रत्यक्ष मोजलेली रक्कम म्हणजे प्रीमियम, हक्काचा ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक किंमत, मुदत संपण्याची तारीख यांतले काही त्यात नसते. प्रसिद्ध गुंतवणूकदार मायकल बरी यांच्या सायन अॅसेट मॅनेजमेंटने २०२३ च्या जूनअखेरचे विवरणपत्र दाखल केले तेव्हा त्यात एस अँड पी ५०० आणि नॅस्डॅक १०० या निर्देशांकांवरच्या फंडांचे पुट ऑप्शन होते, प्रत्येकी २० लाख समभागांवरचे. खालच्या समभागांच्या किमतीने त्यांची बेरीज सुमारे १६० कोटी डॉलर भरत होती. बरी यांनी बाजार कोसळण्यावर १६० कोटी डॉलर लावले, अशा मथळ्यांनी ते दोन दिवस गाजले. वास्तविक त्या ऑप्शनसाठी लागलेली रक्कम त्याच्या एका लहानशा अंशाएवढीच असणार. मी वापरत असलेली सेवा आजही पुट ऑप्शनची ओळ समभागांच्या ओळींतच मिसळून फंडाच्या एकूण मूल्यात धरते. फिल्टर लावून पुट आणि कॉल वेगळे काढता येतात, पण तो फिल्टर मुळातच लावलेला असायला हवा.

याहून गंभीर उदाहरण आर्किगोसचे आहे. बिल ह्वांग यांच्या या कौटुंबिक गुंतवणूक संस्थेने व्हायकॉमसीबीएस ही माध्यम कंपनी आणि इतर मोजक्या कंपन्यांत प्रचंड पोझिशन उभ्या केल्या होत्या. पण त्या टोटल रिटर्न स्वॅपच्या रूपात होत्या. म्हणजे भावातल्या चढ-उताराचा नफा-तोटा आर्किगोसचा, आणि स्वॅप विकणाऱ्या बँका स्वतःच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष समभाग घेऊन ठेवत. २०२१ च्या मार्चमध्ये हा डोलारा कोसळेपर्यंत १३-एफ वाचणाऱ्याला तेथे बँका दिसत होत्या, आर्किगोस दिसत नव्हते. त्या काळात कोणी या प्रकारच्या सेवेवर व्हायकॉमसीबीएसचे पान उघडले असते, तर कंपनीत अनेक प्रतिष्ठित बँकांचा रस वाढतो आहे, असाच अर्थ त्याने काढला असता.

यंत्रवत वजाबाकीने होणाऱ्या चुका निराळ्या. त्या शोधण्यात मला, खरे सांगायचे तर, थोडी गंमतही वाटू लागली होती. जानेवारी २०२३ पासून विवरणपत्रातले मूल्य हजार डॉलरच्या पटीत न लिहिता पूर्ण डॉलरमध्ये लिहिण्याचा नियम लागू झाला. ज्या सेवेने जुना आकडा आपल्या बाजूने हजाराने गुणला नाही, तिच्या तुलनेत प्रत्येक फंड रातोरात हजारपट श्रीमंत दिसणार, आणि ज्या व्यवस्थापकाने सवयीने जुन्याच पद्धतीने आकडे भरले तो हजारपट गरीब. माझ्या सेवेच्या जुन्या आलेखांत एका लहान व्यवस्थापकाची रेषा अशी एका तिमाहीसाठी विहिरीत पडून पुन्हा वर आलेली अजूनही पाहता येते. समभागांच्या विभाजनाचेही तसेच आहे. एनव्हिडियाने जून २०२४ मध्ये एका समभागाचे दहा केले; मार्चअखेरची संख्या त्या प्रमाणात वाढवून घेतली नाही, तर स्वस्थ बसलेल्या फंडानेही आपली धारणा ९०० टक्क्यांनी वाढवली असे दिसेल. इतक्या नावाजलेल्या कंपनीच्या बाबतीत या सेवेने ही दुरुस्ती केलेली आहे. मी पाहत होतो त्या एका मध्यम कंपनीच्या विभाजनानंतर मात्र ती झाली नाही, आणि तीन दिवस त्या पानावर एकजात सगळे बाण हिरवे होते.

दहा हजारांपेक्षा कमी समभाग आणि दोन लाख डॉलरपेक्षा कमी मूल्य, या दोन्ही अटी पूर्ण होत असतील तर ती धारणा विवरणपत्रातून वगळण्याची मुभा व्यवस्थापकाला आहे. भाव थोडा घसरला, मूल्य दोन लाखांखाली आले आणि व्यवस्थापकाने ती ओळ गाळली, की सेवा जाहीर करते: संपूर्ण विक्री. पुढच्या तिमाहीत भाव सावरला की तीच ओळ नवी खरेदी म्हणून परत येते. छोट्या सल्लागार संस्थांच्या नावांपुढे अशी ये-जा मी एका कंपनीत चारही तिमाह्यांत पाहिली. मोठ्या नावांची तऱ्हा वेगळी. ब्लॅकरॉकने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्लोबल इन्फ्रास्ट्रक्चर पार्टनर्सचे अधिग्रहण पूर्ण करताना वरची होल्डिंग कंपनी नवी केली, आणि एसईसीकडची तिची नोंद नव्या क्रमांकाने सुरू झाली. क्रमांकावरून नाव ओळखणाऱ्या संगणकाला त्यामुळे ब्लॅकरॉक हा शेकडो कंपन्यांत अचानक अवतरलेला नवा गुंतवणूकदार वाटू शकतो. जगातल्या सर्वांत मोठ्या मालमत्ता व्यवस्थापकाने एखाद्या कंपनीत प्रथमच पाऊल ठेवले, असे वाक्य वाचून ज्याला शंका येत नाही, त्याने ही सेवा घेऊ नये.

त्याच अनुषंगाने व्हॅनगार्ड, ब्लॅकरॉक आणि स्टेट स्ट्रीट या तीन नावांविषयी सांगितले पाहिजे, कारण मोठ्या अमेरिकी कंपनीचे कोणतेही पान उघडा, यादीच्या माथ्यावर बहुधा हीच असतात. त्यांची धारणा मुख्यतः निर्देशांक फंडांची आहे. लोकांनी फंडात पैसे टाकले की निर्देशांकातल्या प्रत्येक कंपनीचे समभाग प्रमाणानुसार घ्यावे लागतात, काढून घेतले की विकावे लागतात. त्या कंपनीविषयी कोणी बसून विचार केलेला नसतो. सेवेने प्रत्येक कंपनीला दहापैकी गुण देणारा एक संस्थात्मक कल म्हणून आकडा काढला आहे आणि त्याची जाहिरात सर्वांत जास्त केली आहे. त्यात या आपोआप चालणाऱ्या खरेदीला आणि एखाद्या अभ्यासू फंडाच्या निवडीला सारखेच वजन दिलेले दिसते. कंपनी निर्देशांकात आली की गुण वर, बाहेर पडली की खाली. हा आकडा मी दुसऱ्या महिन्यानंतर पाहिलाच नाही.

संस्थात्मक हिस्सा १०० टक्क्यांहून जास्त दिसला की नवा वापरकर्ता बिचकतो. हे नेहमीच सेवेच्या चुकीमुळे होते असे नाही. समभाग उसने देणारी संस्था ते आपल्याच नावावर दाखवत राहते, आणि शॉर्ट विक्रेत्याकडून तेच समभाग घेणारी दुसरी संस्थाही ते दाखवते. शॉर्ट विक्री जेथे फार असते तेथे ही दुहेरी मोजणी फुगते. २०२१ च्या जानेवारीत व्हिडिओ गेम विकणाऱ्या गेमस्टॉप या कंपनीत शॉर्ट पोझिशनच १०० टक्क्यांच्या पुढे गेली होती. सेवेने या टक्केवारीखाली एक ओळीचा खुलासा दिला आहे आणि तो बरोबर आहे.

आता जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. ही सेवा विवरणपत्रे केवळ जमवत नाही, ती नीट जुळवून ठेवते. एखाद्या कंपनीचे नाव बदलले, कुसिप बदलला, विलीनीकरण झाले, तरी बहुतेक वेळा जुना धागा नव्याला जोडलेला असतो, आणि एका फंडाने दहा वर्षांत एका कंपनीशी कसे नाते ठेवले हे एका आलेखात पाहता येते. या लांब पल्ल्यात ४५ दिवसांच्या शिळेपणाला फारसे महत्त्व उरत नाही. ज्या फंडाच्या यादीत पंधरा-वीसच कंपन्या असतात आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात, त्याच्यासाठी शिल्लक पाहणे हा खरोखर चांगला मार्ग आहे. जो फंड दर आठवड्याला पोझिशन उलटसुलट करतो, त्याच्यासाठी नाही. सेवेत फंडांना सरासरी धारणाकालानुसार लावण्याची सोय आहे. ती तिसऱ्या पडद्याआड दडवलेली आहे, पण माझ्या मते संपूर्ण वर्गणीचे मोल तेवढ्या एका सोयीत आहे.

दुसरी चांगली गोष्ट अशी की १३-एफच्या शेजारीच १३-डी, १३-जी आणि फॉर्म ४ ही विवरणपत्रे तारखेनुसार मांडलेली आहेत. कंपनीचा ५ टक्क्यांहून अधिक हिस्सा झाला आणि कारभारावर प्रभाव पाडण्याचा हेतू असला तर १३-डी भरावे लागते, तसा हेतू नसला तर बहुधा त्याऐवजी १३-जी. पूर्वी १३-डीला दहा दिवसांची मुदत होती, फेब्रुवारी २०२४ पासून ती पाच कामकाजाच्या दिवसांवर आली. १० टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेल्याने तर प्रत्येक व्यवहार फॉर्म ४ वर दोन कामकाजाच्या दिवसांत, तारीख, संख्या आणि भावासह कळवायचा असतो. रोजकीर्द म्हणतात ती ही. वॉरन बफे यांनी वाढवलेल्या बर्कशायर हॅथवे या कंपनीच्या पानावर २०२४ चे वर्ष उघडले तर दोन्ही प्रकार एका नजरेत दिसतात. बँक ऑफ अमेरिकेत बर्कशायरचा हिस्सा १० टक्क्यांच्या वर होता, म्हणून जुलैपासूनची तिची विक्री दर काही दिवसांनी, भावासकट उघड होत गेली. ऑक्टोबरमध्ये हिस्सा १० टक्क्यांखाली आला आणि तो ओघ थांबला. अॅपलमधला हिस्सा कधीच एवढा नव्हता. त्यामुळे २०२३ च्या अखेरीस सुमारे ९० कोटी असलेले समभाग पुढच्या जूनअखेर ४० कोटींवर आणि सप्टेंबरअखेर ३० कोटींवर कसे आले, याच्या फक्त पायऱ्या दिसतात. कोणत्या दिवशी, कोणत्या भावाने, हे नाही. एकच विक्रेता, एकच वर्ष, आणि कागद किती वेगळे बोलतात हे सेवेच्या या मांडणीमुळे मला प्रथम नीट उमगले.

याच बर्कशायरने २०२३ च्या उत्तरार्धापासून एका विमा कंपनीतली खरेदी एसईसीच्या परवानगीने गोपनीय ठेवली होती. मे २०२४ मध्ये ती कंपनी चब असल्याचे आणि धारणा सुमारे ६७० कोटी डॉलरची असल्याचे जाहीर झाले. अशी परवानगी मिळाल्यावर नंतर जुन्या तिमाहीचे दुरुस्त विवरणपत्र येते, आणि सेवेने ते मूळ तिमाहीत बसवणे अपेक्षित असते. माझ्या पाहण्यातल्या दोन दुरुस्त्यांपैकी एक नीट बसली होती, दुसरीने आधीच्या यादीत भर घालण्याऐवजी ती पूर्ण पुसून टाकली होती.

हे सगळे मूळ कागद एसईसीच्या एडगर या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात, आणि १३-एफचे एकत्रित विदासंचही एसईसी स्वतः देते. मग वर्गणी कशासाठी? एका फंडाचे एक विवरणपत्र वाचायचे असेल तर एडगर पुरेसे आहे, उलट अधिक विश्वासार्ह आहे. पण एका कंपनीचे सगळे धारक शोधायचे म्हणजे हजारो विवरणपत्रांतून एक कुसिप वेचणे, आणि एडगरवर ते एकेक करून करणे फार वेळखाऊ आहे. विदासंच उतरवून स्वतः जुळवाजुळव करण्याचा उद्योग मी एका तिमाहीसाठी करून पाहिला. दोन रविवार गेले आणि शेवटी मीही त्याच विभाजनाच्या चुकीत सापडलो. सेवेने प्रत्येक ओळीपुढे मूळ विवरणपत्राचा दुवा दिला आहे, हे म्हणूनच मला तिच्या सर्व आलेखांपेक्षा मोलाचे वाटते.

विभाजनाच्या चुकीबद्दल मी सेवेच्या मदत-कक्षाला लिहिले, सोबत दोन्ही तिमाह्यांच्या ओळी आणि विभाजनाची तारीख जोडली. दुसऱ्या दिवशी सभ्य उत्तर आले आणि तिसऱ्या दिवशी तक्ता दुरुस्त झाला. त्याच चुकीच्या आकड्यांवरून आपोआप लिहिला गेलेला, संस्थांची त्या कंपनीवर झुंबड उडाल्याचे सांगणारा लेख मात्र जागेवरच होता. तेही कळवले, तेव्हा लेखांचा विभाग निराळा असल्याचे उत्तर मिळाले. मी सूचना आणि गुण नसलेली खालच्या दराची वर्गणी एका वर्षासाठी पुन्हा भरली आहे. तो लेख आजही त्या कंपनीच्या पानावर, दुरुस्त केलेल्या तक्त्याच्या अगदी वर आहे.